बेसबॉलचं पुस्तक मी सुचवलं होतं

बेसबॉलवरची चांगली पुस्तकं सुचवा, असं कुणी म्हणालं की मला माझ्याच हातची एक वही आठवते. परवा फलटणहून एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या शाळेत मुलींचा संघ आहे, मुलींना खेळाचं वेड आहे, त्यांना वाचायलाही काहीतरी द्यावं असं बाईंच्या मनात आलं आणि कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला. "तुम्ही या विषयातल्या जाणकार आहात म्हणे," त्या म्हणाल्या.  मी "लिहून पाठवते" म्हणाले आणि फोन ठेवला.

जाणकार कसली! मी पलूसमधल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल. बावीस वर्षं त्याच टेबलामागे बसते. माझा स्वभाव असा की वाचक रिकाम्या हातानं परत गेला तर मला माझाच अपमान झाल्यासारखं वाटतं. कुणी द्राक्षावरच्या रोगांचं पुस्तक मागो, कुणी बाळाच्या नावांचं मागो, मी कपाटाकडे जाते आणि काहीतरी काढून देतेच. देताना म्हणते, "हे न्या, छान आहे." त्यातली निम्मी मी वाचलेली नसतात. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून सांगते.

मी धाकट्या भावाच्या घरी राहते. भाऊ फौजेत आहे, वर्षातून दोनदा येतो. घरी भावजय, तिची एकुलती एक मुलगी आणि मी. ऊस, दोन म्हशी, आणि मागच्या अंगणात गोठा. मुलगी नववीत होती तेव्हाची ही गोष्ट. ती बोलायला कमी आणि हट्टाला जास्त, अगदी तिच्या बापासारखी. मला ती आत्ती म्हणते.

गावात बेसबॉल आणला तो एका निवृत्त हवालदारानं. फौजेत असताना तो हा खेळ कुठल्याशा छावणीत शिकला होता. परत आल्यावर शाळेच्या मैदानावर त्यानं मुली गोळा केल्या. सुरुवातीला लोक हसले. मग कळलं की राज्याच्या संघात गेलं तर दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. हसणारे लोक दुसऱ्या दिवशी आपापल्या मुलींना घेऊन मैदानावर हजर. आमची पोर त्याआधीपासूनच जात होती. तिला गुणांचं काही नव्हतं. तिला चेंडू फेकायला आवडायचं, एवढंच. हवालदारानं तिला पिचर केलं. पिचर म्हणजे मधल्या उंचवट्यावर उभं राहून समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारी.

मी पहिल्यांदा तिचा खेळ बघायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. तो चेंडू दगडासारखा. फलंदाजानं मारला की तो सरळ टाकणाऱ्या पोरीच्या तोंडाकडेच येतोय असं वाटायचं. मी तोंडानं तिखट असले तरी आतून भित्री आहे. घरात झुरळ निघालं तरी भावजयच मारते.

एक दिवस हवालदार वाचनालयात आले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, आवं एवढी पुस्तकं हायती तुमच्याकडं. बेसबॉलचं एक बी न्हाई व्हय?"

मी उठले, खेळांच्या कपाटापाशी गेले. क्रिकेटची चार, कबड्डीचं एक, योगासनांची अकरा. हवालदार माझ्याकडे बघत उभे होते. मागे बाकावर दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचायचं सोडून ऐकत होते.

"पंधरा दिवसांत मिळवून देते," मी म्हणाले.

तिथं मी फसले. मराठीत काही नव्हतंच. पुण्याच्या विक्रेत्याला विचारलं, तो हसला. शेवटी सांगलीला स्टँडपासून जरा लांब, एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी पुस्तकांच्या ढिगाखाली चार सापडली. एक वीट होती नुसती, कुठल्या खेळाडूनं किती धावा काढल्या त्याचे तक्ते. दुसऱ्यात एका म्हाताऱ्या पंचानं आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. तिसरी लहान मुलांची गोष्ट होती, सतत हरणाऱ्या एका संघाची. आणि चौथं गुळगुळीत कागदाचं, फोटोच फोटो असलेलं, चेंडू कसा टाकावा याचं. मी चारही घेतली. पण घरी येईपर्यंत बसमध्ये मांडीवर उघडून बसले होते ते चौथंच. पानापानावर हात होते. बोटं कुठं ठेवायची, मनगट कसं वळवायचं, कोपर कुठवर न्यायचा.

हवालदारांचं इंग्रजी हुकमापुरतं आणि पोरींचं पाठ्यपुस्तकापुरतं. तेव्हा मी ठरवलं की हे पुस्तक मीच मराठीत उतरवायचं. दोनशेपानी वही घेतली, शब्दकोश घेतला. खरं सांगू, मला फार मोठं वाटत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं झटकली, आता हे माझ्या हातचं होणार होतं.

आणि मी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली.

आपल्याकडे पुस्तकाच्या सुरुवातीला काय असतं हे मला कुणी सांगायला नको. आधी कुणाच्या तरी चरणी अर्पण. मग एखाद्या मोठ्या माणसाचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. मग लेखकाचं मनोगत, त्यात पत्नीचे आभार, मुद्रकाचे आभार, आणि ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्यांची क्षमा. नव्या वाचकाला मी हटकून सांगते, "सुरुवातीची पानं सोडा, तिथं हारतुरेच असतात." या पुस्तकातही सुरुवातीला बारीक अक्षरातली नऊ पानं होती, फोटो नसलेली. मी ती चिमटीत धरली आणि उलटली.

दीड महिन्यात वही झाली. ती मी आधी आमच्या पोरीला दिली. तिनं जेवता जेवता वाचायला घेतली, आणि एका पानावर तिची भाकरी थांबली. ते वळणाऱ्या चेंडूचं पान होतं. चेंडू सरळ येतो असं वाटतं आणि फलंदाजापाशी येऊन खाली आणि बाजूला वळतो. मी तिथले फोटो बघून चित्रं काढली होती, बाणांसकट.

"आत्ती, ह्ये लय भारी हाय," ती म्हणाली. एवढं ती महिन्यातून एकदा बोलते.

गोठ्याच्या मागच्या भिंतीला तिनं एक जुनं पोतं टांगलं आणि त्यावर कावेनं चौकोन काढला. शाळेतून आली की दप्तर टाकून मागे. थप, थप, थप. अंधार पडेपर्यंत. मी ओसरीवर तांदूळ निवडत तो आवाज ऐकायची आणि मनातून फुगायची. पंधरा दिवसांनी चेंडू वळायला लागला. मी स्वतः बघितला, पोत्याजवळ येऊन तो खाली गेला. मला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

एकदा भावजय दूध काढून येता येता थांबली.

"वन्सं, रोज एवढं टाकतीया. हाताला काय व्हणार न्हाई न्हवं?"

"पुस्तकात आहे तसंच करतेय ती," मी म्हणाले. "काळजी करू नको."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

जिल्ह्याच्या सामन्यांत पलीकडच्या मुलींना तिचा चेंडू कळलाच नाही. हवालदार मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकानं कमाल केली. आता साताऱ्याला विभागाच्या मॅचा. तिथनं राज्याची निवड." मी घरी येऊन भावाला फोन केला आणि पुस्तकाचं दोनदा सांगितलं.

मग एका सकाळी ती डाव्या हातानं केस विंचरताना दिसली. मी दारात उभी होते. ती कंगवा डाव्या हातात धरून मान वाकडी करत होती. 

"उजव्याला काय झालंय?"

"झोपंत आखडलाय."

मी मान हलवली आणि कामाला लागले. पण त्या दिवसापासून माझं लक्ष तिच्या हातावर खिळलं. ती भाकरी मोडताना ताटावर वाकायची. पाण्याची कळशी डाव्या बाजूला घ्यायची. हे सगळं मला दिसत होतं. झोपेत हात किती दिवस आखडून राहतो, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. पण एकदा विचारलं आणि उत्तर मिळालं, तर पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं. म्हणून विचारलं नाही. भित्र्या माणसाला न बघण्याची कला फार लवकर येते.

साताऱ्याच्या सामन्यांसाठी मुली आदल्या दिवशी गेल्या. सामन्याच्या दिवशी दुपारी मी वाचनालयात एकटीच होते. हवालदारांना वहीच्या झेरॉक्स प्रती हव्या होत्या. मुखपृष्ठावर मूळ लेखकाचं नाव घालावं म्हणून मी ते इंग्रजी पुस्तक काढलं. लेखक कोण, कुठला, एवढं दोन ओळीत लिहायचं होतं. ते सुरुवातीच्या पानांत असणार म्हणून ती नऊ पानं पहिल्यांदा नीट उघडली.

तिथं कुणाचेही आभार नव्हते. तिथं लिहिलं होतं की हे पुस्तक लहान मुलांच्या हातात देऊ नका. वाढ पुरी होईपर्यंत वळणारा चेंडू शिकवू नका. वाढत्या वयात कोपराचं हाड टोकाला कच्चं असतं आणि रोजच्या ओढीनं ते सुटतं. दिवसाला किती चेंडू टाकावेत, मध्ये किती दिवस विश्रांती द्यावी, सगळं होतं. आणि शेवटी एक ओळ जाड अक्षरात होती की मूल दुसऱ्या हातानं कामं करायला लागलं तर त्याच क्षणी थांबवा, ते तुम्हाला दुखतंय म्हणून सांगणार नाही.

  ती ओळ मी परत वाचली. मग हवालदारांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. परत लावला. पोरींकडे फोन नव्हते. भावजयीला लावायला नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. तिला काय सांगणार होते?

वाचनालयाला कुलूप लावलं. बाहेर एक म्हातारे वाचक पुस्तक बदलायला आले होते, त्यांच्याशी न बोलता तशीच स्टँडवर गेले. कऱ्हाडची गाडी लागली होती. गळिताचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॉलीमागे आमची गाडी रांगत होती. मी पर्समध्ये ते पुस्तक धरून बसले होते आणि मनात एकच हिशेब चालला होता, की आता तिची पाळी आली असेल का, आता किती टाकून झाले असतील. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी आजारी हाय का वो?" मी हो म्हणाले. कऱ्हाडला गाडी बदलली. दरवेळी फोन लावायचा, दरवेळी तेच.

साताऱ्याच्या मैदानावर पोचले तेव्हा सामना चालू होता. कडेला खुर्च्या टाकून निवड करणारे चारजण बसले होते, हातात कागद. आणि मध्ये उंचवट्यावर आमची पोर. लांबून ती फार लहान दिसत होती.

मी मैदानाच्या कडेकडेनं जवळजवळ पळत हवालदारांपाशी गेले. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आवं बाई, तुमी? बरं झालं आलासा! बघा, बघा पोरगी कशी टाकतीया. समदी बघायला लागल्यात."

मी तोंड उघडलं. पर्समधून पुस्तक काढायचं, ती ओळ दाखवायची आणि म्हणायचं, थांबवा तिला. एवढंच करायचं होतं. वाटेत दोन गाड्यांमध्ये शंभर वेळा घोकलं होतं. पण पर्सची चेन मी उघडलीच नाही. खुर्च्यांवरची माणसं कागदावर काहीतरी लिहीत होती. पोरी ओरडत होत्या. मी म्हणाले असते, तर त्याच मिनिटाला हवालदारांनी विचारलं असतं, बाई, मग तुम्ही हे दिलंत कसं? आणि मनात एक हलकट विचार आला, तो मी इथं लिहिते कारण न लिहिण्यात अर्थ नाही. वाटलं, एवढा एकच डाव. निवड होऊ दे. मग घरी नेऊन सांगू.

त्यानंतर तिनं अकरा चेंडू टाकले. मी मोजले. प्रत्येक चेंडूनंतर ती हात खाली सोडून बोटं उघडत मिटत होती. अकरावा चेंडू पकडणारीच्या डोक्यावरून कुठल्या कुठे गेला. आमची पोर पाठ करून उभी राहिली आणि तिनं डाव्या हातानं उजवा कोपर धरला. पडली नाही, रडली नाही. नुसती आमच्याकडे पाठ करून उभी. तेव्हा मी "थांबवा तिला!" म्हणून ओरडले ते अख्ख्या मैदानानं ऐकलं, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. पोर, भावजय आणि मी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. कोपराच्या आतल्या बाजूला एक बारीक काळी फट होती. त्यांनी पेनानं दाखवली म्हणून दिसली, एरवी केस पडल्यासारखी.

"वाढीची जागा आहे ही. ओढ बसून बसून फाकलीय. आणखी थोडं टाकलं असतं तर तुकडा निघाला असता, मग ऑपरेशन. किती दिवस दुखतंय?"

"दीड म्हैना," ती म्हणाली.

भावजयीनं तिच्याकडे बघितलं. दीड महिना म्हणजे पोत्यावरचा चेंडू वळायला लागला तेव्हापासून.

"हा वळणारा बॉल कुणी शिकवला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होते.  पोर म्हणाली, "माझी मीच शिकले."

तीन महिने हात गळ्यात, नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. परत टाकता येईल का, या प्रश्नाला त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, "आधी भरू दे. आत्ता मी शब्द देत नाही."

गावात बोभाटा झाला की हवालदारानं पोरींना ढोरासारखं राबवलं. भावजयही तेच बोलू लागली. शाळेत चर्चा सुरू झाली की हा खेळ बंदच करावा. हवालदार मैदानाकडे जाताना मान खाली घालून जायचे. आणि मी आठ दिवस गप्प बसले. रोज वाचनालयात जायची, शिक्के मारायची. कुणी दारात आलं की वाटायचं, कळलंच बहुतेक यांना.  भीती कशाची जास्त होती, तिचा हात जाण्याची की माझं पितळ उघडं पडण्याची, हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर चांगलं आलं नसतं.

नवव्या दिवशी मी पोरीपाशी गेले. ती ओसरीवर हात गळ्यात अडकवून बसली होती. मी म्हणाले, पुस्तकाच्या सुरुवातीला सगळं लिहिलं होतं, मी ती पानं वाचलीच नव्हती.

"वाचली असतीस तर वहीत लिवलं असतंस," ती म्हणाली. "त्ये मला कळलंय."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? दुखतंय हे मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस. मग पुस्तकच काढून घेतलं असतंस."

चौदा वर्षांच्या पोरीनं मला बरोबर ओळखलं होतं. मी तशीच उठून चुलीपाशी गेले आणि भावजयीला सगळं सांगितलं, साताऱ्याच्या अकरा चेंडूंसकट. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"तुमी वाचलं न्हवतं, वन्सं?"

"नाही."

"आन मला म्हणालासा, पुस्तकात हाय तसंच करतीया."

  तिनं परत पीठ मळायला घेतलं. पुढे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती आणि ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं. मग हवालदारांच्या घरी गेले. मुख्याध्यापकांकडे गेले, पुस्तक त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. हवालदार म्हणाले, "बाई, कोपराकडं बघायचं काम माझं हुतं. मी बॉलकडं बघत बसलो." त्यांनी मला इतक्या सहज सोडावं असं मला वाटत नव्हतं. शेवटी भावाला फोन केला.  मला वाटलं, आता तो मला घराबाहेर काढणार. तो म्हणाला, "हात वाचंल न्हवं, आक्का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाला मी हे उत्तर दिलं असेन.

त्या तीन महिन्यांत मी उरलेली पुस्तकं वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दोन तिला मोठ्यानं मराठीत सांगितली, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं. त्या पंचाच्या आठवणी फार सुंदर निघाल्या. एका चुकीच्या निर्णयानं एका पोराचा सामना गेला, आणि पंच तीस वर्षांनी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो, ते मी तिला दोनदा वाचून दाखवलं. हरणाऱ्या संघाच्या गोष्टीला ती पोट धरून हसली, डाव्या हातानं. तक्त्यांची वीटसुद्धा तिनं चाळली आणि कुठली पोरं दुखापतीमुळे मध्येच गळली ते आकड्यांवरून शोधून काढलं. फलटणच्या बाईंना मी ही तीन सुचवणार आहे. चौथं त्यांच्या हवाली करेन ते शिकवणाऱ्यासाठी, आणि आधी फोनवर नऊ पानं वाचून दाखवेन, त्यांना आवडो न आवडो.

तीन महिन्यांनी सांगलीला परत एक्स-रे निघाला. फट बुजत आली होती. डॉक्टर म्हणाले, रबरी चेंडू, दहा पावलांवरून, हळू, जास्तीत जास्त दहा वेळा. वळणारा नाही. दुखलं तर तिथंच बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिचा चामड्याचा ग्लोव्ह माझ्या डाव्या हातात चढवला आणि मला अंगणात उभं केलं. भावजय उंबऱ्यात येऊन थांबली.

"आत्ती, डोळं मिटू नगंस."

पहिला चेंडू आला आणि मी डोळे मिटले नाहीत, पण चेंडूकडे बघितलंही नाही. माझी नजर तिच्या कोपरावर होती. चेंडू छातीवर आपटून खाली पडला. दुसरा, तिसरा. रबरीच होता, तरी प्रत्येक वेळी मी अर्धं पाऊल मागे सरत होते. पाचवा मी पकडला. तिच्या तोंडावर हसू आलं, कितीतरी दिवसांनी. सहावा, सातवा. आठवा टाकल्यावर तिनं हात खाली सोडला आणि बोटं उघडून मिटली. एकदाच. साताऱ्याला करत होती तसं.

"बास," मी म्हणाले.

"दोन ऱ्हायल्यात."

"बास म्हटलं ना."

"आगं दुखत न्हाई! डॉक्टरनी धा सांगितल्यात. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला खरंच काही कळत नव्हतं. कदाचित तिचा हात नुसता सवयीनं उघडला मिटला असेल.  उंबऱ्यातून भावजय माझ्याकडे बघत होती. मी चेंडू पदराखाली घेतला आणि म्हणाले, "नाही. आज नाही."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिचं सगळं आयुष्य हिसकावून घेतलंय. डोळ्यांत पाणी. मग वळली, माझ्या आणि तिच्या आईच्या अंगावरून आत गेली, आणि घर हादरेल असं दार आपटलं. उजव्या हातानं. भावजय माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, पण मी तिथंच अंगणात खाली बसले होते आणि मला रडू आवरत नव्हतं.